जुनं दगडी देऊळ पाहायला जाताना: जोत्यापासून शिखरापर्यंत

खिद्रापूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा पोचलो ते भर दुपारी. सगळे जातात तसा थेट स्वर्गमंडपात, म्हणजे देवळापुढच्या खांबांच्या मंडपात शिरलो, छतातल्या गोल झरोक्यातून आभाळ पाहिलं, खालच्या गोल शिळेवर उभं राहून फोटो काढून घेतला, कोपेश्वराला हात जोडले आणि अर्ध्या तासात नरसोबाच्या वाडीचा रस्ता धरला. घरी आल्यावर ओळखीच्या एका जाणकार काकांनी विचारलं, “हत्ती कसे वाटले?” कुठले हत्ती? देवळाच्या जोत्यात ओळीने कोरलेले, अख्खा डोलारा पाठीवर घेतल्यासारखे उभे असलेले हत्ती. त्यांना खेटून मी दोनदा चाललो होतो, मान वर करून.

दुसऱ्या खेपेला मान खाली घालून सुरुवात केली आणि तेव्हापासून हाच शिरस्ता ठेवलाय. जुनं देऊळ ज्या क्रमाने उभं राहिलं त्याच क्रमाने, म्हणजे खालून वर आणि बाहेरून आत पाहायचं. महाराष्ट्रात अकराव्या ते तेराव्या शतकात, शिलाहार आणि यादव राजांच्या काळात काळ्या दगडाची जी देवळं उभी राहिली, त्यांना ही पद्धत चपखल बसते. पुढचं सगळं त्या देवळांना धरूनच लिहिलंय.

कुठे जायचं, कधी जायचं

पहिल्यांदाच जात असाल तर चारातलं एक निवडा. मुंबईकरांना अंबरनाथचं शिवमंदिर सगळ्यात सोपं. मध्य रेल्वेचं स्टेशन आहे, पुढे रिक्षा. नाशिककडून सिन्नरचं गोंदेश्वर जवळ, साधारण तीस किलोमीटर. पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवतपाशी वळलं की भुलेश्वर. आणि कोल्हापूर-सांगली भागात असाल तर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं खिद्रापूर. भंडारदऱ्याकडे सहल ठरलीच असेल तर रतनवाडीचा अमृतेश्वर चुकवू नका.

एका दिवसात एकच देऊळ. फार तर त्याच गावातलं दुसरं. सिन्नरला गोंदेश्वरानंतर ऐश्वर्येश्वर पाहता येतो. “सहा देवळं एका दिवसात” अशा सहली निघतात. मी अशा एकीला गेलो होतो. संध्याकाळी कुठला खांब कुठल्या देवळातला यावर बसमध्ये वाद झाला आणि तो मिटला नाही. एका देवळाला किमान तीन तास द्या.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर काळा दगड असा तापतो की अकरानंतर अनवाणी प्रदक्षिणा अशक्य होते. पावसाळ्यात परिसर देखणा असतो, पण फरसबंदीवर शेवाळ धरतं आणि गाभाऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या निसरड्या होतात. खिद्रापूरला मुसळधार पावसाच्या दिवसांत जाऊच नका. कृष्णेला पूर आला की तिकडचे रस्ते पाण्याखाली जातात.

वाराचाही विचार करा. शिल्पं पाहायची असतील तर सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र टाळा. अंबरनाथला महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते, त्या दिवशी भिंतीसमोर क्षणभर थांबणंही अवघड. पण देऊळ नांदतं कसं हे पाहायचं असेल तर तोच दिवस निवडा आणि शिल्पांसाठी पुन्हा या. कार्तिकी पौर्णिमेला खिद्रापुरात चंद्र झरोक्याच्या मध्यावर येतो तो पाहायला लोक रात्री जमतात. तेव्हा हत्ती दिसणार नाहीत, पण त्या रात्रीची गोष्टच वेगळी आहे.

सूर्य कुठे असेल ते आधी पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग फोटोत सगळं काळंठिक्कर आलं म्हणून मोबाइलला दोष देतात. निघण्याआधी मोबाइलच्या नकाशात उपग्रहचित्र उघडा आणि देवळाचं तोंड कुठे आहे ते बघा. गोंदेश्वर पूर्वाभिमुख आहे, अंबरनाथचं मुख्य दार पश्चिमेला.

सकाळी पूर्वेची भिंत उजळते, दुपार कलल्यावर पश्चिमेची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला दिवसभर ऊन मिळतं आणि उत्तरेची भिंत सावलीतच राहते. उत्तरेकडच्या मूर्ती नीट पाहायच्या तर एप्रिल-मेमध्ये सूर्योदयाला पोचावं लागतं, कारण तेव्हा सूर्य ईशान्येकडून उगवतो आणि भिंतीला तिरपं ऊन लागतं.

तिरपं ऊन का हवं? कोरीव काम उठून दिसतं ते सावलीमुळे. शतकानुशतकांच्या पावसाने झिजलेल्या चेहऱ्यावर समोरून उजेड पडला तर तो सपाट दिसतो. बाजूने पडला तर त्याच चेहऱ्याला नाक, ओठ, दागिने फुटतात. म्हणून सकाळी आठ-साडेआठ आणि संध्याकाळी चार-साडेचार या वेळा सोन्याच्या. मधल्या वेळेत, डोक्यावर ऊन असताना, आतला भाग पाहा. केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित देवळं साधारण सूर्योदय ते सूर्यास्त उघडी असतात, म्हणजे लवकर पोचायला आडकाठी नाही.

उजेडाचा हा हिशेब बांधणाऱ्यांनीही केला होता. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीअखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून थेट आत येतात आणि देवीच्या पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात, तोच किरणोत्सव.

पिशवीत काय

जाड मोजे हवेतच, तापलेल्या फरशीसाठी. छोटी दुर्बीण, शिखरावरचं आणि छताच्या मध्याचं काम नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. बॅटरी. एक पांढरा जाड कागद, ज्यावरून ऊन परावर्तित करून अंधाऱ्या कोपऱ्यातल्या मूर्तीवर टाकता येतं. बॅटरीपेक्षा हा उजेड मऊ असतो. वही-पेन्सिल. पाणी आणि खाणं सोबतच घ्या. संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते, त्यामुळे स्वच्छतागृह किंवा टपरी दारातच मिळेल असं समजू नका. सोपे निघणारे बूट किंवा चपला घाला. कपडे अंगभर असावेत, एवढं पुरे. काही देवळांत गाभाऱ्यात जायचं तर सोवळं किंवा उघडं अंग लागतं, चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवावं लागतं. दाराशी विचारून घ्या.

पहिल्यांदा दर्शन

पाहणी बाहेरून आत म्हटली, पण दर्शन त्याआधी. यात भक्तीइतकाच व्यवहार आहे. अनेक देवळांत दुपारी नैवेद्याच्या सुमारास गाभारा बंद होतो आणि “मग जाऊ आत” म्हणणारा बाहेरच राहतो. शिवाय आल्याआल्या कॅमेरा काढून भिंतींशी लगट करणाऱ्याकडे आणि आधी देवापुढे वाकून मग फिरणाऱ्याकडे गावातली माणसं वेगळ्या नजरेने बघतात. तुमची श्रद्धा असो नसो, आपण कुणाच्या तरी कुलदैवताच्या घरी आलोय.

महादेवाच्या देवळात नंदी आणि पिंडी यांच्या मधून आडवं जायचं नाही, नंदीच्या शिंगांमधून दर्शन घ्यायचं, हे आपल्याला माहीत असतं. गंमत म्हणजे खिद्रापूरला समोर नंदीच नाही. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला, महादेव कोपले, त्यांना शांत करायला विष्णू आले. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं: कोपलेल्या महादेवाचं कोपेश्वर आणि विष्णूचं धोपेश्वर. आणि सतीला माहेरी घेऊन गेलेला नंदी तिकडेच, कर्नाटकातल्या येडूरला राहिला, असं गावकरी सांगतात.

गुरवांशी इथेच दोन शब्द बोलून घ्या. “काका, अभिषेक किती वाजता असतो?” एवढा एक प्रश्न पुरतो. अभिषेकाच्या वेळी फुलं, वस्त्रं, मुखवटा बाजूला असतो, तेव्हाच मूळ मूर्ती किंवा लिंग उघडं दिसतं.

पहिली फेरी: फक्त जोतं

आता बाहेर या. पहिली फेरी कमरेखालची. घसरणारी नजर पुन्हापुन्हा खाली आणावी लागते, कारण वरच्या सुंदऱ्या खुणावत असतात.

जोतं म्हणजे नुसता चौथरा नाही. ते आडव्या थरांचं बनलेलं असतं: खाली खुर, त्यावर घड्याच्या आकाराचा कुंभ, मग कलश, मग कबुतराच्या छातीसारखा बाकदार कपोत. कुठे मध्ये गजथर, कुठे माणसांचा नरथर. आणि हमखास भेटणारी ग्रासपट्टी, म्हणजे ओळीने बसवलेली बटबटीत डोळ्यांची, जबडा वासलेली कीर्तिमुखं. स्वतःचंच अंग खाऊन फक्त तोंड उरलेला हा गण. शिवाने खूष होऊन त्याला दाराशी जागा दिली अशी कथा आहे. एकदा तो ओळखता आला की खांबावर, उंबरठ्यावर, मूर्तीच्या प्रभावळीवर सगळीकडे दिसायला लागतो.

नरथर असला तर तिथेच रेंगाळा. वरच्या भिंतीवर देवांना शास्त्राचं बंधन होतं, इथे शिल्पकाराचा हात मोकळा होता. मिरवणुका, शिकार, कुस्ती, वादक, कधी नुसतीच भांडणं.

महादेवाच्या देवळाची प्रदक्षिणा पूर्ण घालत नाहीत. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी ज्या मकरमुखातून किंवा गोमुखातून बाहेर पडतं, बहुधा उत्तरेला, ते ओलांडायचं नाही. तिथून मागे फिरून उलट्या बाजूने पुन्हा त्याच पन्हळीपर्यंत यायचं आणि परतायचं. प्रवाशाला ही सोमसूत्री प्रदक्षिणा फायद्याचीच आहे. प्रत्येक भिंत दोनदा दिसते, जाताना एका अंगाने, येताना दुसऱ्या.

दुसरी फेरी: भिंत आणि होकायंत्र

जोत्यावरची उभी भिंत म्हणजे जंघा. मूर्तींची गर्दी इथे असते, आणि गडबडून जायला होतं तेही इथेच. माझा उपाय सोपा आहे: मोबाइलचं होकायंत्र उघडा आणि आधी आठ दिक्पाल शोधा. जंघेवर ते कोरलेले असतील तर आपापल्या दिशेलाच असतात, त्यामुळे एक सापडला की बाकीच्यांचा पत्ता मिळतो. वाहनावरून ओळखा. पूर्वेला हत्तीवरचा इंद्र, आग्नेयेला मेंढ्यासह अग्नी, दक्षिणेला रेड्यासह यम, नैऋत्येला माणसावर बसलेला निर्ऋती, पश्चिमेला मकरावरचा वरुण, वायव्येला हरणासह हाती ध्वज घेतलेला वायू, उत्तरेला पैशाची थैली धरलेला कुबेर, ईशान्येला नंदीसह ईशान. एखाद्या दिशेला दुसराच दिक्पाल भेटला तर समजा की दगड कधीतरी काढून पुन्हा बसवलाय. असा एखादा चुकलेला यम सापडला की होणारा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

मग गाभाऱ्याच्या तीन बाजूंचे मुख्य कोनाडे पाहा, त्यांना देवकोष्ठ म्हणतात. आत कोण बसलाय त्याचा बाहेरचा हा खुलासा. शिवमंदिरात इथे नटराज, अंधकासुराचा वध, चामुंडा वारंवार भेटतात. अंधकासुरवध ओळखायला सोपा: त्रिशूळावर टोचलेला असुर आणि वर ताणून धरलेलं हत्तीचं कातडं. चामुंडेच्या बरगड्या मोजता येतात, खपाटीच्या पोटावर बहुधा विंचू असतो.

विष्णूच्या चारहाती मूर्तीचं नाव हातांवरून ठरतं. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरू करा, वर जा, तिथून डावीकडच्या वरच्या हाताकडे आणि मग खाली. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. पाठ करायला “पशंचग”. असे चोवीस क्रम आणि चोवीस नावं; संध्येतली केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं तीच. मला अजूनही सहा-सातच्या पुढे आठवत नाहीत, वहीत लिहून ठेवलीत.

मधल्या जागांत सुरसुंदरी असतात. आरशात पाहणारी दर्पणा, पत्र लिहिणारी पत्रलेखिका, अंगाला नाग गुंडाळलेली विषकन्या, पाय वाकवून काटा काढणारी. त्यांच्याभोवती घोटाळणारी माकडं बघा, शिल्पकाराला तिथे हसू आवरलेलं नाही. काही देवळांत मैथुनशिल्पंही असतात. सोबत मुलं असली तरी घाबरून पळ काढू नका. आपण खिदळलो नाही की तीही खिदळत नाहीत.

भुलेश्वरला हे सगळं उलट आहे. बाहेरून गडाची तटबंदी आणि नंतरच्या काळातले चुन्याचे घुमट दिसतात, देऊळ आत दडलेलं. अंधाऱ्या जिन्याने वर गेल्यावर काळ्या दगडाची भिंत उलगडते. तिथे स्त्रीरूपातली गणेशमूर्ती, वैनायकी, शोधून काढा.

तिसरी फेरी: लांबून

शिखर जवळून दिसत नाही. आवाराच्या कोपऱ्यापर्यंत मागे हटा आणि दुर्बीण लावा. गोंदेश्वर आणि अमृतेश्वरचं शिखर भूमिज पद्धतीचं आहे. चारही बाजूंना मधोमध खालून वर गेलेला एकेक कोरीव पट्टा दिसेल, ती लता. दोन लतांच्या मधल्या भागात छोट्या छोट्या शिखरांच्या आडव्या ओळी, वर जाताना लहान होत गेलेल्या, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारख्या. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक भूमी. त्या मोजा, शिखराची उंची कशी साधलीय ते मोजताना कळतं. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आज नाही, पण उरलेल्या भागात हीच रचना दिसते.

लांबूनच मांडणीही कळते. गोंदेश्वर पंचायतन आहे: मधे महादेव, चार कोपऱ्यांना विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य यांची छोटी देवळं, समोर नंदीचा स्वतंत्र मंडप. पायी फिरून हे लक्षात यायला वेळ लागतो, कोपऱ्यात उभं राहिलं की क्षणात.

आता आत

उन्हातून आत आलात की पाच मिनिटं कक्षासनावर बसा. मंडपाच्या कडेने पाठ टेकायला जी दगडी बाकं असतात तीच ही कक्षासनं. डोळे अंधाराला सरावू द्या, बॅटरी लगेच लावू नका. बॅटरीच्या वर्तुळात एक मूर्ती दिसते आणि मंडप हरवतो.

खांब खालून वर वाचा. तळाशी चौकोनी, मग अष्टकोनी, मग सोळा पैलू, मग गोल, असे आकार बदलत जातात. गोल भाग इतका नितळ की कातकाम केल्यासारखा. माथ्याशी चार दिशांना तुळया पेलणारे बुटके कीचक. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, एखादा दातओठ खाणारा, एखादा आरामात. स्वर्गमंडपात एकूण ४८ खांब आहेत, त्यातले १२ झरोक्याभोवती वर्तुळात. वर्तुळातल्या एका खांबाशी उभं राहून समोरच्या खांबांच्या रांगा बघा, मग एक पाऊल सरकून पुन्हा बघा.

छत बघायला जमिनीवर सरळ आडवं पडावं. जागा मोकळी असेल आणि कुणाची हरकत नसेल तरच, पण संकोच करू नका. उभ्याने मान अवघडते आणि मधलं लोंबतं फूल दिसेपर्यंत माणूस कंटाळतो. ते छत खऱ्या अर्थाने घुमट नाही. दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेलाय, शेवटी उरलेली फट एका शिळेने झाकलीय. वजन दाबून धरतं, चुना नाही. स्वर्गमंडपात मात्र ती फट झाकलेलीच नाही.

गाभाऱ्याच्या दाराशी थांबा. चौकटीच्या उभ्या पट्ट्या म्हणजे शाखा; तीन, पाच, सात अशा मोजा, जितक्या जास्त तितका आश्रयदाता तालेवार. तळाशी द्वारपाल, कुठे गंगा-यमुना. वर मधोमध ललाटबिंब, म्हणजे चौकटीच्या कपाळावरची छोटी मूर्ती. तिथे गणपती दिसला म्हणून देऊळ गणपतीचं समजू नका, तो बहुतेक ठिकाणी असतोच. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. त्यावरही कीर्तिमुख कोरलेलं असतं. अंबरनाथला गाभारा मंडपाच्या पातळीपेक्षा खोल आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. गर्दीत वयस्कर मंडळींना तिथे हात द्या.

नंतरचं काय, मूळचं काय

आठशे-नऊशे वर्षांत देऊळ अनेकांनी सांभाळलेलं असतं, आणि सांभाळण्याच्या खुणा राहतात. खाली घडीव काळा दगड आणि वर विटा-चुन्याचं शिखर दिसलं तर वरचं काम बहुधा मराठेशाहीतलं. औंढा नागनाथला हा सांधा लांबूनही ओळखू येतो. कोरीव भिंतीत मधेच सपाट, वेगळ्या रंगाचा दगड असेल तर ती डागडुजी. सांध्यांकडे बघा: मूळ बांधणीत दगड दगडात खाचा करून बसवलेले असतात, फटीत काही भरलेलं नसतं. फटीतून सिमेंट डोकावलं की ते अलीकडचं. तैलरंगाचे थर तर सगळ्यात दुःखद, पण त्यावरून कुणाशी वाद घालू नका. रंग देणाऱ्याने तो प्रेमानेच दिलेला असतो.

गुरवकाका आणि पांडव

जुन्या देवळाबद्दल गावात विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील. एक, पांडवांनी एका रात्रीत बांधलं, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिलं. दोन, हेमाडपंती आहे.

पहिल्यावर हसू नका. अर्धवट काम कुठलं हे त्या गोष्टीत सांगितलेलं असतं आणि बऱ्याचदा ते खरोखरच अर्धवट असतं. दुसरं उत्तर फलकांवरही लिहिलेलं दिसतं. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या उत्तर दारावरच्या तुळईवरचा लेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. हेमाडपंत जन्मायच्या कितीतरी आधीचं देऊळ हेमाडपंती कसं? चुन्याशिवाय बांधलेल्या कुठल्याही जुन्या दगडी देवळाला आपण ते नाव चिकटवलंय, एवढंच. हे स्वतःपुरतं ठेवा, गुरवांना शिकवायला जाऊ नका.

त्यांना विचारण्यासारखं वेगळंच आहे. कळस कधी बसवला, पूर्वी पाणी कुठून आणत, आवारातले सुटे दगड कुठून आले. या प्रश्नांची उत्तरं फलकावर नसतात, आणि शेवटच्या प्रश्नावर ते तुम्हाला हाताला धरून मागच्या बाजूला घेऊन जातात. दक्षिणा किंवा देणगी द्यायची ती मनाला येईल तेवढी. देवस्थानाला देत असाल तर पावती मागायला लाजू नका.

काय करू नये

शिलालेख नीट दिसावा म्हणून खडूने घासणं, पाणी मारणं, तेल लावणं, सगळं बंद. अक्षर त्यानेच मरतं. वाचायचाच असेल तर बाजूने तिरपी बॅटरी धरून फोटो घ्या. बाहेरच्या मूर्तींना कुंकू-हळद लावू नका, कोनाड्यात नाणी चिकटवू नका, मूर्तीच्या मांडीवर मूल बसवून फोटो तर नकोच. संरक्षित वास्तूची मोडतोड किंवा विद्रूपीकरण केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तिपाई आणि ड्रोनला आधी लेखी परवानगी लागते. गाभाऱ्यात फोटो विचारल्याशिवाय नाही, आणि फ्लॅश कुठेच नाही. पूजा चालू असेल तेव्हा मोबाइल खिशात.

निघण्याआधी आवार

पिंपळाच्या पारावर, तटाच्या कडेला, बारवेच्या तोंडाशी काही सुटे दगड उभे असतात. शेंदूर फासलेले, कधी अर्धे गाडलेले. त्यातले बरेच वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड. वीरगळही खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. शेजारी गाई दिसल्या तर तो गोधन वाचवताना गेलेला. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या. सगळ्यात वर तो पिंडीची पूजा करतोय. माथ्याला चंद्र-सूर्य: ते असेतोवर याची कीर्ती. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल तर ती सतीशिळा. कोकणात, शिलाहारांच्या मुलखात, गधेगाळ भेटतो. वर चंद्र-सूर्य, मधे दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचं अश्लील शिल्प. दान मोडणाऱ्याला दिलेली ही शिवी आहे, दगडात कोरून ठेवलेली.

लेखात शक वाचता आला तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळतो. पौषानंतरची तिथी असेल तर बहुधा ७९.

फोटो त्याच रात्री लावून घ्या, दिशेप्रमाणे: पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. दुसऱ्या दिवसावर ढकललं की कुठला देव कुठल्या भिंतीवर होता ते सांगता येत नाही, आणि मग त्या एका यमासाठी पुन्हा सिन्नरची एसटी धरावी लागते. मी धरली होती. तो नैऋत्येच्या जवळच, पण दक्षिणेच्याच भिंतीवर होता.